एका कोंबडीला किती जागा? दाटीच्या हिशेबाची शंभर वर्षे

#धागा

१/
१९२३ साल. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू या समुद्राकाठच्या लहानशा गावी सेसिल स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी पाळलेल्या आपल्या कोंबड्यांत भर घालण्याकरिता ५० पिल्ले मागवली. उबवणी केंद्राच्या चुकीने आली ५००. बाईंनी ती परत पाठवली नाहीत. त्यांच्यासाठी १६ फूट लांब व १६ फूट रुंद अशी लाकडी शेड उभी केली, पिल्ले वाढवली, आणि जगलेले ३८७ पक्षी जेमतेम दोन पौंडांचे होताच पौंडाला ६२ सेंट या भावाने मांसासाठी विकून टाकले. त्या काळी हा भाव भलताच चढा होता. तीन वर्षांत, म्हणजे १९२६ पर्यंत, त्यांच्याकडे १०,००० पक्ष्यांची सोय झाली होती. पती विल्मर यांनी तटरक्षक दलातील नोकरी सोडून याच व्यवसायात लक्ष घातले.

२/
ब्रॉयलर उद्योगाच्या जन्माची ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आजच्या धाग्यात मात्र त्या कथेतील एका दुर्लक्षित तपशिलाकडे पाहायचे आहे: १६ गुणिले १६. म्हणजे २५६ चौरस फूट. पाचशे पिल्लांच्या वाट्याला दरडोई अर्धा चौरस फूट आला. ही जागा पुरेशी की अपुरी, हे सेसिल स्टील यांना कोणी सांगितले नव्हते आणि सांगू शकेल असा जाणकारही तेव्हा कुठे नव्हता. पुढची शंभर वर्षे संशोधक, कंपन्या, सरकारे आणि प्राणिहितवादी ज्या प्रश्नावर भांडत आले, तो प्रश्न त्या लाकडी शेडमध्येच उभा राहिला होता. एका कोंबडीला किती जागा हवी?

३/
त्याआधी हा प्रश्न का पडला नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कोंबडी अंगणात फिरत होती, रात्रीपुरती खुराड्यात जात होती. मांस हे अंड्याच्या व्यवसायाचे उपउत्पादन होते. अंडी देणे थांबलेली म्हातारी कोंबडी आणि नको असलेला कोंबडा, एवढेच ताटात येई. शेकडो पिल्ले हिवाळ्यात छपराखाली कोंडून वाढवायची म्हटले तर त्यांचे पाय वाकत आणि ती उभीच राहू शकत नसत. ऊन न मिळाल्याने होणारा हा मुडदूस. १९२२ च्या सुमारास मॅकॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातील मुडदूस रोखणारा घटक वेगळा ओळखला. त्यालाच पुढे 'ड' जीवनसत्त्व म्हटले गेले. हे तेल खाद्यात मिसळता येऊ लागले आणि कोंबडीची उन्हाशी असलेली गाठ सुटली.

४/
उन्हाची अट गेली, तरी रोगाची अट शिल्लक होती. पक्षी जितके दाट, तितका विष्ठेशी संबंध अधिक. आणि विष्ठेतून पसरणारी रक्ती हगवण एका आठवड्यात शेड रिकामी करू शके. १९४८ मध्ये सल्फाक्विनॉक्सालिन हे औषध रोजच्या खाद्यातून देण्यासाठी बाजारात आले. पाठोपाठ लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना आढळले की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीतून उरलेला चोथा खाद्यात मिसळला तर पिल्ले अधिक वेगाने वाढतात. ही बातमी १९५० मध्ये जगजाहीर झाली. दाटीचा इतिहास लिहिताना ही औषधे परिशिष्टात ढकलण्याची चूक अनेक जण करतात. माझ्या मते ती मुख्य प्रकरणात हवीत. दाटी ही आधी औषधाने शक्य केलेली गोष्ट आहे; जागेचा विचार मागाहून आला.

५/
दुसऱ्या महायुद्धाने मागणी निर्माण केली. अमेरिकेत गोमांस, डुकराचे मांस शिधापत्रिकेवर गेले, कोंबडी गेली नाही. युद्ध संपताच एका मोठ्या किराणा साखळीने, 'ए अँड पी'ने, अमेरिकी कृषी खात्याच्या साथीने 'चिकन ऑफ टुमॉरो' नावाची स्पर्धा भरवली: रुंद छातीची, जाड मांडीची, झटपट वाढणारी कोंबडी कोण घडवतो? १९४८ ची राष्ट्रीय अंतिम फेरी डेलावेअरमध्येच, जॉर्जटाउन येथील विद्यापीठाच्या प्रयोग केंद्रावर झाली. कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा कॉर्निश संकर जिंकला. १९५१ मध्येही तेच जिंकले.

६/
या स्पर्धेचा खरा निकाल मोजायला साठ वर्षे जावी लागली. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ आणि १९७८ पासून निवडीविना जपून ठेवलेले दोन वाण आणि २००५ चा व्यापारी वाण एकाच खाद्यावर, एकाच छताखाली वाढवले. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५६ व्या दिवशी सरासरी वजने अशी भरली: १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम, २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेच, वजन साडेचार पटींहून अधिक.

७/
आता जागेचा विचार करू. शेडची जमीन वाढली नाही, पक्षी फुगला. म्हणूनच 'चौरस मीटरला किती पक्षी' हे जुने माप कुचकामी ठरले आणि 'चौरस मीटरला किती किलो जिवंत वजन' हे माप रूढ झाले. दाटी ही पहिल्या दिवशी ठरवून मोकळे होण्याची गोष्ट नव्हे. ती रोज वाढते. चौरस मीटरला २० पिल्ले सोडली तर पहिल्या दिवशी एकेक पिल्लू चाळीसेक ग्रॅमचे असते. एकूण भार एक किलोही नसतो आणि शेड ओसाड वाटते. पाच आठवड्यांनी तोच पक्षी दोन किलोचा होतो, भार ४० किलोवर जातो आणि जमीन दिसेनाशी होते. शेडचे छायाचित्र कोणत्या दिवशी काढले, यावर पाहणाऱ्याचे मत ठरते. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा दिवस निवडतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

८/
दाटीने नेमके काय बिघडते? सामान्य समजूत अशी की जागा नाही म्हणून पक्षी गुदमरतात किंवा एकमेकांना टोचतात. ब्रॉयलरच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. सहा आठवड्यांचे हे पिल्लू वयाने लहान असते, भांडखोर नसते आणि बहुतेक वेळ बसूनच असते. त्याचे शत्रू तीन: उष्णता, ओल आणि अमोनिया. हे तिघे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

९/
प्रथम उष्णता. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस, घर्मग्रंथी नाहीत. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे तिचे मार्ग दोनच: पंख सैल सोडून अंगाभोवती वारा घेणे, आणि चोच उघडून धापा टाकणे. दोन किलोचा ब्रॉयलर साधारण १८ वॉट उष्णता बाहेर टाकतो. दहा हजार पक्ष्यांची शेड म्हणजे १८० किलोवॉट; एक किलोवॉटच्या १८० शेगड्या अहोरात्र पेटत्या ठेवल्यासारखे. पक्षी खेटून बसले की दोघांमधील हवा हलत नाही. पंख्याचा वारा पाठीवरून निघून जातो, पोटाखाली पोहोचत नाही. भिंतीवरचा तापमापक २४ अंश दाखवत असेल, पण कोंबडी ज्या हवेत बसली आहे ती हवा निराळीच असते.

१०/
मग ओल. पक्षी जितके खाद्य खातो त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी पितो. त्यातले बरेचसे विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच येते. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून केलेली गादी हे पाणी शोषते. पक्षी फिरले, उकरले तर ती वर-खाली होऊन वाळते. दाटी वाढली की उकरणे थांबते, वरचा थर चिखलासारखा होतो आणि मग त्याची पापडी धरते. विष्ठेतील युरिक आम्लावर सूक्ष्मजीव ओलाव्यात काम करतात आणि अमोनिया सोडतात. अमोनियाने डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे अस्तर दुबळे होते, रोगजंतूंना वाट मोकळी होते. ओल्या गादीवर सतत बसल्याने तळपायाला, घोट्याला आणि छातीच्या कातडीला जखमा होतात. पायाच्या तळव्यावरचा काळा डाग पाहून पक्षी कशा गादीवर वाढला हे अनुभवी माणूस कत्तलखान्यात ओळखतो.

११/
आणि वाढीचे काय? उष्णतेने त्रासलेला पक्षी खाणे कमी करतो, कारण अन्न पचवणे म्हणजे आणखी उष्णता. शेवटच्या दोन आठवड्यांत, वाढ सर्वांत वेगवान असायला हवी तेव्हाच, खाद्य घटते आणि वजन मागे पडते. त्यात बसलेल्या पक्ष्याला दुसरा तुडवून जातो, झोप मोडते, भांड्यापर्यंत जायचे तर वाट काढावी लागते. अशक्त, लंगडा पक्षी या गर्दीत मागे राहतो.

१२/
येथे एक जाणता वाचक विचारील: दाटीने वजन घटत असेल तर शेतकरी स्वतःच दाटी का कमी करत नाही? या प्रश्नाचे उत्तर सगळ्या वादाचे मर्म आहे, म्हणून जरा थांबून पाहू. समजण्यापुरते कल्पित आकडे घ्या. एक हजार चौरस फुटांत १,००० पक्षी सोडले, प्रत्येकी २.२ किलो झाले: एकूण २,२०० किलो. त्याच जागेत १,३०० सोडले, त्रासामुळे २.१ किलोच भरले: एकूण २,७३० किलो. प्रत्येक पक्षी हरला आणि शेड जिंकली. भाडे, छप्पर, वीज, रखवालदार यांचा खर्च शेडमागे होतो, पक्ष्यामागे नव्हे. म्हणून पक्ष्याचे हित आणि शेडचा नफा यांचे शिखर एकाच ठिकाणी येत नाही. नफ्याचे शिखर नेहमी अधिक दाटीकडे सरकलेले असते. मर फार वाढेपर्यंत किंवा पाय इतके बिघडेपर्यंत की माल नाकारला जाईल, तोवर बाजार स्वतःहून ब्रेक लावत नाही.

१३/
हा ब्रेक लावण्याची भाषा प्रथम ब्रिटनमध्ये उमटली. तेथे पशुखाद्यावरचे रेशनिंग १९५३ मध्ये उठले आणि अमेरिकी पद्धतीच्या शेड भराभर उभ्या राहिल्या. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांचे 'ॲनिमल मशिन्स' हे पुस्तक आले. लेखिका पशुवैद्य नव्हती, शेतकरी नव्हती. शिक्षण नाट्यकलेचे, पंथ क्वेकर, आणि स्वतः शाकाहारी. दारात येऊन पडलेल्या एका पत्रकाने अस्वस्थ होऊन तिने शेड पाहिल्या, उद्योगाचीच नियतकालिके वाचली आणि त्यांच्याच शब्दांत त्यांचे चित्र उभे केले. प्रस्तावना रेचल कार्सन यांची होती. प्रक्षोभ इतका झाला की सरकारने त्याच वर्षी प्राणिशास्त्राचे प्राध्यापक रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

१४/
ब्रॅम्बेल समितीचा अहवाल डिसेंबर १९६५ मध्ये आला. त्यातील एक वाक्य पुढे जगभर गेले. त्याचा आशय असा: प्राण्याला उभे राहणे, आडवे होणे, वळणे, अंग साफ करणे आणि हातपाय ताणणे एवढी मोकळीक असलीच पाहिजे. आज सर्वत्र उद्धृत होणाऱ्या 'पाच स्वातंत्र्यां'चे मूळ येथे आहे. परंतु नीट पाहा: गजांच्या पिंजऱ्यातील अंड्यांच्या कोंबडीला हे वाक्य चपखल बसते. ब्रॉयलर पिंजऱ्यात नसतो. तो जमिनीवर मोकळा असतो आणि त्याला अडवणारे गज म्हणजे त्याचेच शेजारी. त्यामुळे प्राणिहिताच्या चळवळीचे लक्ष पुढची दोन-तीन दशके पिंजऱ्यावर राहिले. संख्येने कितीतरी अधिक असलेला ब्रॉयलर मागे पडला.

१५/
त्याच्याकडे लक्ष वळले ते लंगडण्यामुळे. १९९२ मध्ये ब्रिस्टलच्या केस्टिन आणि सहकाऱ्यांनी ब्रॉयलरच्या चालीला शून्य ते पाच गुण देण्याची पद्धत मांडली. तपासलेल्या पक्ष्यांपैकी ९० टक्क्यांच्या चालीत काही ना काही दोष दिसला. २६ टक्क्यांचा दोष यातना व्हाव्यात इतका गंभीर होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या शेतीप्राणी कल्याण परिषदेने चौरस मीटरला ३४ किलो ही कमाल मर्यादा सुचवली. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने मार्च २००० मध्ये अधिक रोखठोक निष्कर्ष काढला: मोठे प्रश्न बहुतांशी टाळायचे असतील तर २५ किलो किंवा त्याहून कमी, ३० च्या पुढे वायुवीजन कितीही उत्तम असले तरी गंभीर प्रश्नांचे प्रमाण झपाट्याने चढते.

१६/
येथवर कथा सरळ होती: दाटी वाईट, ती कमी करा. मग ऑक्सफर्डच्या मेरियन स्टॅम्प डॉकिन्स यांनी सर्वांची पंचाईत केली. प्रयोगशाळेतील पाच-पन्नास पक्ष्यांवरून कायदे करू नयेत, असे त्यांना वाटत होते. त्यांनी ब्रिटन आणि डेन्मार्कमधील दहा मोठ्या उत्पादकांना राजी केले आणि प्रत्यक्ष व्यापारी शेडमध्येच ३०, ३४, ३८, ४२ आणि ४६ किलो अशा पाच दाटी राखायला लावल्या. एकंदर २७ लाख पक्षी. एवढ्या आवाक्याचा प्रयोग या विषयात विरळाच.

१७/
२००४ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेला निष्कर्ष असा: सर्वाधिक दाटीत पक्षी सावकाश वाढले, एकमेकांना अधिक धक्के देत राहिले, आणि उत्तम चालीचे पक्षी कमी आढळले. मात्र मर दाटीने वाढली नाही. आणि उत्पादका-उत्पादकांमधील फरक दाटीच्या फरकापेक्षा मोठा निघाला. एकाच दाटीत एका कंपनीचे पक्षी धडधाकट, दुसरीचे आजारी. फरक पडत होता तो हवेतील आर्द्रता, तापमान, गादीची ओल आणि अमोनिया कोणी कसे सांभाळले यामुळे. वर सांगितलेले तीन भाऊच पुन्हा समोर आले.

१८/
या निष्कर्षाचा अर्थ लावण्यात घाई होते. 'दाटी महत्त्वाची नाही' असे तो अभ्यास म्हणत नाही. तो म्हणतो, केवळ दाटी कमी केल्याने निष्काळजी मालकाची शेड सुधारणार नाही. उलट बाजूने पाहिले तर दाटी म्हणजे चुकीला उरलेली मोकळीक आहे. २५ किलोवर पंखा तासभर बंद पडला तर निभावते. ४२ वर तोच तास महाग पडतो. २००७ मध्ये इन्मा एस्तेवेझ यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन म्हटले की अंतिम वजनानुसार ३४ ते ३८ किलोच्या पुढे आरोग्य आणि कल्याण ढासळू लागते. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये ५१,००० पक्ष्यांची चाल तपासणारा अभ्यास आला: सरासरी ४० व्या दिवशी २७.६ टक्के पक्ष्यांची चाल वाईट, ३.३ टक्के जवळजवळ चालू न शकणारे. कारणांत वाण, वय, अंधाराचे अपुरे तास यांच्या जोडीला दाटीही होती.

१९/
युरोपीय संघाचा २००७ चा निर्देश या सगळ्या वादाचे अपत्य आहे. तो तीन पायऱ्यांचा आहे. सर्वांसाठी कमाल ३३ किलो. शेडच्या हवेची नोंद ठेवली, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर अमोनिया दहा लाखांत २० भाग आणि कार्बन डायऑक्साइड ३,००० भागांच्या आत राखला, बाहेर सावलीत ३० अंशांहून अधिक असताना आतले तापमान बाहेरच्यापेक्षा तीन अंशांहून जास्त चढू दिले नाही, तर ३९. त्यावर, सलग किमान सात बॅचमध्ये मर एका सूत्राच्या खाली राहिली तर ४२. सूत्र असे: १ टक्का अधिक वयाच्या प्रत्येक दिवसाला ०.०६ टक्का. ४० दिवसांच्या पक्ष्यासाठी ते ३.४ टक्के येते. शिवाय दिवसाकाठी सहा तास अंधार, त्यांपैकी चार सलग. अंमलबजावणी जून २०१० पर्यंत व्हायची होती.

२०/
मर कमी दाखवणाऱ्याला अधिक दाटीचे बक्षीस! पहिल्यांदा वाचताना मलाही हे विचित्र वाटले. पण डॉकिन्स यांचा अभ्यास समोर ठेवला की त्यामागचा तर्क दिसतो: आकड्यापेक्षा परिणाम मोजा. त्याची दुसरी बाजू अशी की मर हा फार ढोबळ मापदंड आहे. लंगडत, जळलेल्या तळव्यांनी ४० दिवस काढणारा पक्षी मरतुकीच्या रकान्यात कधीच येत नाही. ३३ किलोचा अर्थही समजून घ्या: दोन किलोच्या पक्ष्याला शेवटच्या दिवशी मिळणारी जागा म्हणजे साधारण एक ए-फोर कागद. ४२ वर तो कागदही चतुर्थांशाने कमी होतो. अमेरिकेत तर यावर संघराज्याचा कायदाच नाही. उद्योगाने स्वतः आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तेवढी आहेत.

२१/
आता आपल्याकडे येऊ. भारतातील व्यापारी कुक्कुटपालनाच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा कारभार पुण्यातून चालतो. देशातील असंख्य शेडमध्ये गेलेली पिल्ले या समूहाच्या वाणाची आहेत. आपल्याकडची पारंपरिक शेड मात्र युरोपातल्यासारखी बंदिस्त नव्हे: पूर्व-पश्चिम लांब, दोन्ही बाजूंना जाळी, वर पत्रा, जाळीला गोणपाटाचे किंवा ताडपत्रीचे पडदे, खाली भाताच्या तुसाची गादी. आणि दाटीचा नियम तोंडी चालत आलेला: एका पक्ष्याला एक चौरस फूट.

२२/
हा नियम किलोत बदलून पाहा. चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट. दोन किलोचा पक्षी धरला तर भार येतो सुमारे २१.५ किलो, अडीच किलोपर्यंत वाढवला तर २७. म्हणजे युरोपातील शास्त्रज्ञांनी २००० साली सांगितलेल्या २५ च्या आकड्याच्या आसपासच आपला शेतकरी कोणत्याही कायद्याविना होता! यामागे दयाबुद्धी असेलही, पण मुख्य कारण वैशाख आहे. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२ वर जातो तेव्हा बाहेरची हवाच पक्ष्याच्या अंगाहून गरम असते. वारा कितीही खेळवला तरी तो थंडावा देत नाही, उरते ती धाप. एका दुपारी वीज गेली, पत्र्यावरचे पाणी थांबले, की संध्याकाळी मेलेल्या पक्ष्यांचे ढीग उचलावे लागतात. म्हणून जाणता शेतकरी उन्हाळ्याच्या बॅचला पिल्ले कमी टाकतो, आणि हिवाळ्यात थोडी जास्त.

२३/
परंतु 'टाकतो' हे क्रियापद आता पूर्णपणे खरे राहिलेले नाही. करार पद्धतीत शेड, मजूर, वीज, पाणी, तूस शेतकऱ्याचे. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. किती पिल्ले उतरवायची, हे ठरवण्यात कंपनीच्या सुपरवायझरचा शब्द जड असतो. शेतकऱ्याला मिळते ती किलोमागे ठरलेली वाढणावळ, आणि मर वाढली किंवा खाद्य जास्त लागले तर त्यातूनच कपात. बाराव्या भागातले गणित इथे आणखी गुंतागुंतीचे होते: शेडचा नफा एकाचा, उन्हाळ्याची जोखीम दुसऱ्याची. पंखे आणि ओल्या पॅडच्या बंदिस्त शेड आल्यापासून चौरस फुटाचा जुना नियम मागे पडू लागला आहे. अशा शेडसाठी कर्ज काढलेले असते, आणि कर्जाचा हप्ता चौरस फुटाला अधिक किलो मागतो.

२४/
कायद्याचे काय? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आहे, पण त्यात ब्रॉयलरच्या जागेचा आकडा नाही. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगाने आपला २६९ वा अहवाल याच विषयाला वाहिला: अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांचे पालन आणि वाहतूक. सोबत नियमांचा मसुदाही जोडला. मराठी वृत्तपत्रांत त्यावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही. ज्या राज्यात हजारो कुटुंबांची चूल या शेडवर पेटते, तेथे ती व्हायला हवी होती.

२५/
दाटीचा आणखी एक पदर नंदुरबार जिल्ह्याने दाखवला. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूर येथे निश्चित झाला आणि त्या परिसरातील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. तेथे प्रश्न एका शेडमधील चौरस फुटाचा नव्हता. एका तालुक्यात शेड एकमेकींना किती खेटून आहेत, याचा होता. पक्ष्यापक्ष्यांतील अंतर शेतकरी ठरवतो, शेडशेडमधील अंतर मात्र कोणी एक ठरवत नाही.

२६/
शेवटी पुन्हा युरोप. फेब्रुवारी २०२३ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नव्याने सर्व पुरावा चाळला आणि प्रश्नच बदलून विचारला. 'आजार कोणत्या दाटीला सुरू होतात?' असे न विचारता 'पक्ष्याला चालणे, उकरणे, धुळीत लोळणे, निवांत झोपणे हे सारे कोणत्या दाटीपर्यंत जमते?' असे विचारले. उत्तर आले: चौरस मीटरला ११ किलो. २००७ चा निर्देश ३३ ते ४२ वर आहे, सेंद्रिय पालनाचा युरोपीय नियम २१ वर आहे, आणि शास्त्रज्ञांचा आकडा ११ वर. उद्योगाने तो अव्यवहार्य ठरवला, यात नवल नाही. कोंबडीचे मांस स्वस्त राहिले तेच मुळी या दाटीच्या बळावर.

२७/
सेसिल आणि विल्मर स्टील १९४० मध्ये त्यांच्या नौकेवर झालेल्या स्फोटात गेले. त्यांची ती १६ बाय १६ फुटांची लाकडी शेड मात्र जतन केली आहे. राष्ट्रीय वारशाच्या यादीतही तिची नोंद आहे. ३८७ पक्षी, प्रत्येकी साधारण ९०० ग्रॅम, सुमारे २४ चौरस मीटर जागा: भार येतो १५ किलोच्या आत-बाहेर. आजच्या युरोपीय कायद्याच्या निम्म्याहून कमी. आणि २०२३ च्या शिफारशीप्रमाणे तपासले, तर चुकून आलेल्या पिल्लांची ती पहिली शेडसुद्धा दाटच होती.